सतरा नंबरचा कोट

किल्ल्यावरचे कपडे सोमवारी यायचे आणि गुरुवारी सकाळी परत जायचे. चाळीस वर्षं हा नेम चुकला नव्हता. ज्या वर्षी नदीला पूर येऊन अंगणातल्या दोन्ही भट्ट्या पाण्याखाली गेल्या, त्या वर्षीसुद्धा नाही. सासरे वारले ते एका मंगळवारी, आणि त्याच आठवड्यातल्या गुरुवारी सासूबाईंनी पदराने डोळे पुसत पुसत अंमलदारांच्या कॉलरींना खळ लावली होती. शेजारणीने विचारलं, एक आठवडा थांबता नाही का आलं? सासूबाई म्हणाल्या, "त्यांना आता कसली घाई आहे? किल्ल्याला आहे."

त्यांच्या हातात काय होतं ते देवच जाणे. शाई, गंज, दारू, रक्त, गाडीच्या चाकाचं वंगण, काहीही असो, डाग त्यांच्या दारातून परत गेला नाही. काम करताना त्या देवाचं नाव गात. गाण्याच्या तीन ओळी पाठ होत्या, चौथी कधी आलीच नाही, म्हणून तिसरी संपली की पुन्हा पहिली. गळा काही गोड नव्हता, पण गाणाऱ्याचं लक्ष जिकडे होतं तिकडे ते पोचत असणार. अवघड डाग हाताशी आला की गाणं थांबायचं. सून आतल्या खोलीत इस्त्री करत असली तरी तिला कळायचं, बाहेर काहीतरी अडलंय.

आणि घराचा एक नियम होता. कपड्यात जे सापडेल ते ज्याचं त्याला परत, आणि जे दिसेल ते कुणाला सांगायचं नाही. एकदा एका अंमलदाराच्या खिशात बाईचं पत्र निघालं. सासूबाईंनी ते वाळवलं, घडी मोडू न देता इस्त्री फिरवली आणि त्याच खिशात घालून पाठवून दिलं. वाचता येत नव्हतं म्हणून नव्हे. वाचता येत असतं तरी त्यांनी तेच केलं असतं.

त्या शुक्रवारी संध्याकाळी चौकात गोळीबार झाला.

झालं असं, की छापखानेवाल्याला सरकारने उचललं होतं. समुद्रापलीकडून आलेलं ते सरकार; त्याला छापलेला कागद फारसा मानवत नसे. छापखानेवाल्याला सोडा म्हणायला चौकात तीन-चारशे माणसं जमली. पाचापेक्षा जास्त माणसांनी एकत्र उभं राहायचं नाही असा हुकूम होता. किल्ल्यावरचा कॅप्टन शिपाई घेऊन आला. दिवेलागणीची वेळ. पाच माणसं मेली. त्यातली एक केरसुण्या विकणारी बाई होती. ती जमावातली नव्हतीच, चौकात रोज बसायची तिथेच बसली होती.

शनिवारी भिंतींवर कागद लागले. उत्तरेकडच्या दिव्याखालून एका उंच माणसाने लांब बंदुकीतून पहिली गोळी झाडली, मग शिपायांना नाइलाज झाला, असं त्यात होतं. आणि त्याच दुपारी सुनेच्या धाकट्या भावाला पकडून नेलं.

हा भाऊ शहरातले दिवे लावायचा. इतका उंच, की सगळे त्याला लंब्याच म्हणत. सासूबाई त्याची नेहमी थट्टा करायच्या, "याच्या डोक्यावरच दिवा ठेवा, म्हणजे खांबाचा खर्च वाचेल." तो हसायचा आणि जेवून जायचा. त्याच्याकडे बंदूक कुठली असायला? होती ती दिवे पेटवायची काठी, टोकाला वात बांधलेली, आणि कमरेला तेलाचा डबा. संध्याकाळच्या वेळी दिव्याखाली उंच माणूस लांब काठी घेऊन उभा असतो तो दिवा लावायलाच. हे शहरातल्या कुत्र्यालाही माहीत होतं. पण आरोप कुत्र्याने केला नव्हता.

रविवारी सुनेला किल्ल्यातल्या तुरुंगाच्या जाळीशी भेटीला पाव तास मिळाला. लंब्याने तिला सगळं सांगितलं. आवाज खाली ठेवून, पण रडत वगैरे नाही.

"ताई, कॅप्टन माझ्या हाताएवढ्या अंतरावर होता. मला म्हणाला, बाजूला हो. मी म्हटलं, साहेब, दिवा लावून होतो. त्याने ढकललं. डब्याचं झाकण उडालं आणि सगळं तेल त्याच्या छातीवर. एवढं छान पांढरं कोटाचं कापड. मला आधी त्याचंच वाईट वाटलं बघ."

"मग?"

"मग त्याने पिस्तूल काढलं. माझ्यावर रोखलं होतं. मी खाली बसलो. मागे केरसुणीवाली होती."

सुनेने जाळी धरली.

"पहिली गोळी ती," लंब्या म्हणाला. "बाकीच्या नंतर. आणि तो आता म्हणतोय, मी किल्ल्याच्या दरवाजाशी होतो, गोळ्या ऐकून मग आलो."

परत येताना ती वकिलाकडे गेली. दिवेवाल्या गड्यांनी मिळून शोधलेला वकील, आपल्यातलाच, नवा, कोपरावर कोट झिजलेला. तो म्हणाला, "साक्षीदार शंभर देता येतील. ते सगळे जमावातले. न्यायाधीश एकाचंही ऐकणार नाही. माणूस नको, वस्तू हवी. कॅप्टन त्या दिव्याखाली होता हे सांगणारी एक वस्तू आणा, तुमच्या भावाची मान वाचेल. मी उद्या बाहेरगावी जातोय, गुरुवारी दुपारी घरी येतो तुमच्या."

सोमवारी किल्ल्याची गाठोडी आली. प्रत्येक कपड्याच्या कॉलरला आतून लाल दोऱ्याने नंबर टाचलेला असे. कॅप्टनचा नंबर सतरा. तिसऱ्या गाठोड्यात तळाशी सतरा नंबरचा पांढरा कोट होता. कोटाच्या छातीवर तळहाताएवढा तेलाचा डाग, दिव्याच्या तेलाचा तो ओळखीचा कुबट वास. उजव्या बाहीच्या कडेला काळपट वर्तुळ आणि त्यात तीन भोकं, मोहरीएवढी. पिस्तुलाची दारू भडकली की बाहीला ठिणग्या लागतात. किल्ल्याचे कपडे धुणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही.

सुनेने कोट छातीशी धरला. मग तिने अंगणातली जी जुनी भट्टी वापरात नव्हती, तिच्या रिकाम्या हंड्यात तो ठेवला, वर पोत्याचे तुकडे टाकले आणि झाकण लावलं.

सासूबाईंना तिने सांगितलं नाही.

आता ऐकणाऱ्याला वाटेल, एका घरात, एका अंगणात, एवढी मोठी गोष्ट सांगायची नाही म्हणजे काय? पण तिचंही खरं होतं. शनिवारी लंब्याला धरल्याची बातमी आली तेव्हा सासूबाई पहिलं वाक्य काय बोलल्या होत्या, तर, "तरी मी म्हणत होते, गर्दीत जाऊ नये." तो गर्दीत गेला नव्हता, गर्दी त्याच्या दिव्याखाली आली होती. पण ते वाक्य सुनेच्या काळजात रुतून बसलं. शिवाय तो नियम. जे दिसेल ते कुणाला सांगायचं नाही. आणि किल्ल्याचं काम म्हणजे घरची चूल. तिला वाटलं, या सांगतील, नियम म्हणजे नियम, कोट परत जाईल. नवऱ्याला सांगावं, तर तो आईपासून काही लपवू शकत नसे. लहानपणापासून नाही. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

बुधवारी सून धुतलेला सदरा आणि भाकरी घेऊन तुरुंगावर गेली. दिवसभर रांगेत उभी राहिली आणि संध्याकाळी सदऱ्यासकट परत आली. आज भेटी बंद, एवढंच शिपाई म्हणाला.

इकडे बुधवारी सकाळी सासूबाईंना राख हवी होती. जुन्या भट्टीखाली राख साठवलेली असायची. राख काढताना त्यांनी हंड्याचं झाकण उचललं, सहज, आत काही उंदीरबिंदीर मेलंय का बघायला. वास येत होता ना.

कोट बघून त्यांना पहिल्यांदा राग आला तो सुनेचा. अवघड काम दिसलं म्हणून लपवून ठेवलं. तेलाचा डाग, वर जळालेली बाही. सुनेला वाटलं असेल, गुरुवारी नंबर कमी भरला तर हरवला म्हणून सांगू. हरवला? या घरातून?

मग राग ओसरला. घरात दुःख आहे, पोरीचं लक्ष ठिकाणावर नाही, असं म्हणून त्यांनी स्वतःच कोट मांडीवर घेतला.

गाणं थांबलं ते दिवसभर.

आधी रफू. जळालेल्या कडा नखाएवढ्या कात्रीने सोलून काढल्या. पांढऱ्या कापडाला बाजारचा पांढरा दोरा लावला तर तो चार धुण्यांनी वेगळा दिसतो, म्हणून त्यांनी कोटाचाच दोरा घेतला. डाव्या बाजूला, आतल्या दुमडीत, अस्तराखाली जे कापड कुणी बघत नाही तिथून एकेक धागा ओढून काढला. एकवीस धागे. ते सुईत ओवून, उभ्याखालून आडवा, आडव्याखालून उभा, तीन भोकं भरली. मग तेल. खडूची पूड भरपूर चोळली, वर-खाली टिपकागद, त्यावर कोमट इस्त्री. पुन्हा पूड, पुन्हा कागद. सात वेळा. मग साबण, मग भट्टी, मग नीळ, दुपारचं कडक ऊन, खळ आणि इस्त्री. संध्याकाळी त्यांनी कोट खिडकीपाशी उजेडात धरला आणि बाहीचं रफू शोधलं. त्यांनाच सापडेना. बोट फिरवलं तेव्हा कुठे लागलं.

एवढं सुंदर काम आपल्या हातून आजवर झालं नव्हतं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी देवाला हात जोडले. त्यांना डाग दिसला होता. कॅप्टन दिसला नव्हता, पिस्तूल दिसलं नव्हतं, लंब्या तर मुळीच नाही. चाळीस वर्षं ज्यांनी फक्त डागाकडे बघितलं, त्यांना डागामागचा माणूस दिसायचा कसा?

गुरुवारी सकाळी मुलाने हातगाडी ओढत कपडे किल्ल्यावर पोचवले. दुपारी वकील आला, ओटीवर टेकला, पाणी प्याला. सून म्हणाली, "थांबा, दाखवते," आणि अंगणात गेली.

बराच वेळ झाला तरी ती येईना, म्हणून सासूबाई मागे गेल्या. सून हंड्याशी पोत्याचे तुकडे हातात घेऊन उभी होती.

"कोट शोधतेस?" सासूबाई म्हणाल्या. "गेला. असा केलाय की बघत राहशील. आणि पुन्हा असं काम लपवून ठेवू नकोस हो. जमत नसेल तर सांगावं."

सुनेने पोत्याचे तुकडे खाली टाकले. मग तिने सगळं सांगितलं. दिवा, ढकलणं, तेल, पिस्तूल, केरसुणीवाली. वकील दारात येऊन ऐकत होता. त्याने एकदा डोक्याला हात लावला आणि मग तो हात तसाच राहिला.

"मला का नाही सांगितलंस?" सासूबाईंनी विचारलं.

"तुम्ही परत पाठवला असतात."

"पाठवला असता," सासूबाई म्हणाल्या. खोटं बोलायची सवय नव्हती.

शुक्रवार, शनिवार, रविवार त्या घरात कुणी गायलं नाही. सून सासूशी कामापुरतं बोलायची. साबण द्या. पाणी उकळलं. सासूबाईंना ते लागत होतं, पण त्या काही म्हणाल्या नाहीत. खटला मंगळवारी उभा राहणार होता. गावात चर्चा अशी होती की एका दिवसात निकाल देतील आणि शुक्रवारी फाशी. चौकातच, म्हणजे सगळ्यांना दिसेल.

सोमवारी गाठोडी आली. सासूबाईंनी स्वतः सोडली. दुसऱ्याच गाठोड्यात सतरा नंबरचा कोट, दुसरा, चिखलाने भरलेला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि कडेच्या दगडावर बसल्या. थोड्या वेळाने हाक मारली.

"सूनबाई, या कॅप्टनकडे पांढरे कोट किती?"

"दोन." हे तिला झोपेतही सांगता आलं असतं.

"एक हा. मग उद्या कचेरीत तो घालून काय येणार?"

सुनेने मान वर केली.

"तो माझं रफू अंगावर घालून येणार," सासूबाई म्हणाल्या, आणि हातातला कोट उचलून सरळ पाण्याच्या टाकीत टाकला. "आता माघारी मागितला तरी ओला आहे म्हणून सांगायचं."

मुलगा हातगाडीचं चाक पुसत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "आई, तू कचेरीत जाणार? काय बोलणार?"

"जे केलं ते."

"आपल्या घरात कपड्यातलं बाहेर बोलत नाहीत. तूच शिकवलंस. आणि किल्ल्याचं काम गेलं तर आपण खायचं काय?"

"बाळा," सासूबाई म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं बोलले नाही, म्हणून तर उद्या कुणीतरी माझं ऐकेल."

मंगळवारी कचेरी गच्च भरली होती. वर मोठा पंखा दोरीने हलत होता, तरी घामाच्या धारा लागल्या होत्या. न्यायाधीश म्हातारा, गोरा, जाडा, मान सारखी खाजवणारा. दुभाषी म्हणून एक चष्मेवाला कारकून. समोर पुरावा म्हणून लंब्याची काठी आडवी ठेवली होती, टोकाला अजून वात. बंदूक मिळाली नव्हती. ती आरोपीने नदीत टाकली असावी, असं सरकारी वकील म्हणाला. कॅप्टनने साक्ष दिली की तो किल्ल्याच्या दरवाजाशी होता, चौकात नंतर आला, तेव्हा सगळं उरकलं होतं. त्याच्या अंगावर पांढराशुभ्र कोट होता. इतका, की मागच्या बाकावरची एक बाई दुसरीला म्हणाली, "धुतलाय बाकी छान."

मग आपल्या वकिलाने सासूबाईंना बोलावलं. त्यांनी देवाला स्मरून शपथ घेतली. दुभाष्याने शपथ झाली म्हणून दोनदा सांगितलं तरी डोळे मिटून पुटपुटत राहिल्या. शपथ एका ओळीची होती, पण त्यांना देवाशी आणखी थोडं बोलायचं होतं.

"तुम्ही काय करता?" वकिलाने विचारलं.

"किल्ल्याचे कपडे धुते. साहेबांचेही धुते." त्यांनी न्यायाधीशाकडे पाहिलं. "साहेबांना कॉलर फार कडक लागते. त्यांना विचारा, मान खाजते ती त्याने. मी दोनदा निरोप पाठवला होता."

दुभाष्याने हे सांगावं की नाही असा विचार केला आणि सांगितलं. न्यायाधीशाचा हात मानेवरून खाली आला. लोक हसले. न्यायाधीशही, किंचित.

"कॅप्टन साहेबांचा हा कोट तुम्ही धुतलात?"

"मागच्या बुधवारी. छातीवर दिव्याचं तेल होतं, एवढं. उजव्या बाहीच्या कडेला दारूने जळून तीन भोकं. मी रफू केली."

दुभाषी अडखळला. त्याला रफू त्यांच्या भाषेत सांगता येईना. त्याने हवेत सुई चालवून दाखवली.

सरकारी वकील उठला. "न्यायाधीश महाराज, कोट समोर आहे. तेल नाही, भोकं नाहीत. बाई आरोपीच्या बहिणीची सासू आहे. काहीही सांगेल."

"दिसणार नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "दिसली असती तर मी कसली धोबीण? भोकं भरायला धागे लागतात. ते मी त्याच कोटातून काढलेत. डाव्या बाजूची आतली दुमडी, अस्तराखाली. एकवीस धागे. अस्तर उचलून बघा, तिथे कापड जाळीसारखं झालं असेल. मी या कोटाला बुधवारपासून हात लावलेला नाही. तो किल्ल्यात होता आणि आता साहेबांच्या अंगात आहे."

दुभाष्याचं बोलून झालं.

न्यायाधीश वैतागला होता, जेवणाची वेळ होत आली होती. तो कॅप्टनला म्हणाला, "दाखवून टाका. म्हणजे हे संपेल."

त्याला खरोखरच वाटत होतं की हे संपेल. सासूबाईंना त्याच्या तोंडावर ते दिसलं, आणि त्यांना या म्हाताऱ्याची थोडी दया आली.

कॅप्टनचा हात पहिल्या बटणाकडे गेला. मग थांबला. बाहीची कड त्याने दुसऱ्या हाताने झाकली, नकळत, उजवीच बाही. मग सरळ उभा राहून तो म्हणाला, "धोबिणीच्या शब्दावर सरकारी अंमलदार भर कचेरीत कपडे उतरवणार नाही."

न्यायाधीश त्याच्याकडे बघत राहिला. मग खाली बघून त्याने काहीतरी लिहिलं आणि कचेरी उठवली.

दुसऱ्या दिवशी कॅप्टन दुसऱ्याच कुणाचा तरी, आखूड बाह्यांचा कोट घालून आला. कालचा कुठे आहे असं आपल्या वकिलाने विचारलं, तर तो गहाळ झाल्याचं सांगण्यात आलं. गहाळ हा शब्द दुभाष्याने उच्चारला तेव्हा कचेरीत कुणी हसलं नाही, कुणी ओरडलं नाही. लोक एकेक करून उठले आणि बाहेर गेले. निकाल ऐकायला आत फक्त घरची माणसं उरली. गोळी झाडल्याचं सिद्ध होत नाही, असं न्यायाधीश म्हणाला. मग सरकारलाही काही द्यावं म्हणून, बेकायदा जमावात हजर राहिल्याबद्दल सात वर्षं. कॅप्टनबद्दल एक अक्षर नाही.

लंब्याने जाताना बहिणीकडे बघून हात वर केला. इतका उंच होता, की शिपायांच्या टोप्यांवरून तो हात दारापर्यंत दिसत राहिला.

त्या रात्री शहरात दिवे लागले नाहीत. दिवेवाल्यांनी काठ्या आणून कचेरीच्या पायरीवर ठेवल्या होत्या.

पुढच्या सोमवारी गाठोडी आली. सून म्हणाली, घ्यायची नाहीत. सासूबाई म्हणाल्या, घे. सुनेच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण तिने घेतली. मंगळवार गेला, बुधवार गेला. भट्टी पेटली नाही. गुरुवारी सकाळी सासूबाईंनी गाठी न सोडता गाठोडी हातगाडीवर ठेवायला सांगितली.

"आई," मुलगा म्हणाला, "हे तर आले तसेच आहेत."

"हो."

"डाग..."

"परत जाऊ दे," सासूबाई म्हणाल्या. हे वाक्य बोलताना त्यांचा आवाज चिरकला. इतरांना वाटलं भीतीने. सुनेला माहीत होतं, कशाने ते. तिने पुढे होऊन त्यांच्या हातातून गाठोडं घेतलं, आणि दोघींनी मिळून ते गाडीवर चढवलं.

महिन्याभरात शहरातल्या सगळ्या धोब्यांनी तेच केलं. मग किल्ल्याचे न्हावी जाईनासे झाले, मग पाणके. शिपाई येऊन दोन्ही भट्ट्या फोडून गेले, मुलाला चार दिवस कोठडीत ठेवून मारलं. त्याच्या एका कानाला तेव्हापासून ऐकू येत नाही. तुरुंगातल्यांना घरचे कपडे द्यायचे बंद झाले. घरात एक वेळची चूल पेटायची. दोघी नदीवर गावातल्या लोकांचे कपडे धुवायच्या, आणि सासूबाई पुन्हा गायला लागल्या, तीन ओळी.

लंब्याला सात वर्षं काढावी लागली नाहीत. चौदा महिन्यांनी किल्ल्याचा दरवाजा उघडला. तो कुणी उघडला आणि त्यासाठी किती जण गेले, ते सगळ्यांना माहीत आहे, त्याचं इथे काही सांगत नाही. लंब्या दुपारी घरी आला. दाढी छातीपर्यंत, अंगावर तोच सदरा, चौकातल्या संध्याकाळचा, धरून नेलं तेव्हाही अंगात असलेला. मूळचा रंग कुठला ते ओळखू येत नव्हतं.

सासूबाईंनी त्याला जवळ घेतलं, म्हणजे त्याच्या पोटाला डोकं टेकवलं. मग नाकाला पदर लावला. "काढ तो आधी."

तो आंघोळीला गेला. सासूबाईंनी सदरा दगडावर पसरला आणि गुणगुणायला लागल्या. दुसऱ्या ओळीवर गाणं थांबलं. सून बाहेर आली. सदऱ्याच्या खालच्या कडेला, कमरेला डबा असायचा तिथे, तेलाचा मोठा डाग होता. इतक्या मळातही वेगळा दिसणारा.

"हा राहू दे," सून म्हणाली.

"तेलाचा आहे. निघतो."

"निघतो ते माहीत आहे, सासूबाई. राहू दे."

सासूबाईंनी डागावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. बाकीचा सदरा धुतला, तेवढा भाग पाण्याबाहेर धरून. मग दोरीवर टाकताना म्हणाल्या,

"कुणी विचारलं तर हा माझ्या हातचा आहे म्हणून सांगू नकोस." आणि चार पावलं गेल्यावर वळून, "आणि पुढच्या वेळी काही लपवायचं असेल तर मला सांगून लपव."